खोडलेलं दहावं कलम

अमेरिका-मेक्सिको सीमेची एखादी बातमी आली की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांत तर हमखास. एक बाजू म्हणते, टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा सगळा मुलूख मेक्सिकोकडून लुबाडलेला आहे, तेव्हा मेक्सिकन माणूस तिथे जातो तो आपल्याच घरी जातो. दुसरी बाजू म्हणते, लढाई झाली, तह झाला, दीड कोटी डॉलर मोजून दिले, विषय संपला. जगातली कुठली सीमा रक्ताशिवाय आखली गेली आहे? मग जुने नकाशे पुढे केले जातात, आवाज चढतात आणि वाद होता तिथेच राहतो. मला दोन्ही बाजूंची मांडणी चुकीची वाटते, कारण दोघांचीही नजर २ फेब्रुवारी १८४८ या एकाच तारखेला खिळलेली आहे. त्या दिवशी मेक्सिकोचं राज्य गेलं. माणसांच्या जमिनी गेल्या त्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांत, मोजणीदार, वकील, सावकार, कर आणि कोर्ट यांच्या हातून. आणि त्याच तहात दिलेला लेखी शब्द मोडून त्या गेल्या. म्हणून ‘मुळात जमीन कोणाची’ या प्रश्नाच्या आधी ‘दिलेला शब्द पाळला का’ हे विचारायला हवं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला भावनेची गरज नाही, ते कागदोपत्री नोंदलेलं आहे.

तह झाला ग्वादालूपे इदाल्गो या गावी. अमेरिकन फौज तेव्हा पाच महिने मेक्सिको सिटीत ठाण मांडून होती, त्यामुळे ही सही खुशीची नव्हती हे उघड आहे. खुद्द त्या युद्धात लढलेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटने आपल्या आठवणींत, बलवान राष्ट्राने दुबळ्यावर लादलेल्या सर्वांत अन्याय्य युद्धांमध्ये या युद्धाची गणना केली आहे. युद्ध अन्याय्य होतं हे पहिल्या बाजूचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. पण तहात काय लिहिलं होतं? मेक्सिकोने सुमारे सव्वापाच लाख चौरस मैलांचा मुलूख सोडला. महाराष्ट्राएवढी चार राज्यं त्यात मावतील. त्या मुलखात राहणाऱ्या मेक्सिकन लोकांना एका वर्षात ठरवायचं होतं, मेक्सिकोचं नागरिकत्व ठेवायचं की अमेरिकेचं घ्यायचं. काहीही ठरवलं तरी त्यांच्या मालमत्तेला धक्का लागणार नाही, असं आठवं कलम सांगत होतं. दहाव्या कलमात त्याहून नेमकं लिहिलं होतं: मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनींच्या सनदा वैध मानल्या जातील. १० मार्चला अमेरिकेच्या सेनेटने तहाला मंजुरी देताना हे दहावं कलम पूर्ण खोडलं. मेक्सिकोने साहजिकच हरकत घेतली. तेव्हा २६ मे रोजी केरेतारो इथे अमेरिकेच्या दूतांनी लेखी खुलासा दिला की कलम गाळलं म्हणून सनदा रद्द होत नाहीत. त्या खुलाशावर विसंबून मेक्सिकोने तह स्वीकारला, आणि पुढे वॉशिंग्टनने तो खुलासा आपल्यावर बंधनकारक नाही अशी भूमिका घेतली.

‘पैसे मोजले, विषय संपला’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. दीड कोटी डॉलर देऊन अमेरिकेने नक्की काय घेतलं? राज्य करण्याचा अधिकार आणि ज्या जमिनीवर कोणाचाच खासगी हक्क नव्हता ती जमीन. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाच्या एखाद्याचं कुरण किंवा न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या गावाचं गायरान त्या पैशात आलं नाही. ते आलं नाही, असं तहातच लिहिलं होतं. राज्य बदललं म्हणून सातबारा बदलत नाही, हे आपल्याला समजावून सांगायला नको. १९६१ साली गोव्यावरून पोर्तुगीज गेले, म्हणून गावकऱ्यांच्या कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीच्या, जमिनी तेवढ्या कारणाने सरकारजमा झाल्या नाहीत. त्यांचा पोर्तुगीज काळातला कायदाही पुढे चालूच राहिला. अंमल आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि १८४८ च्या तहाने हा फरक स्पष्ट शब्दांत मानला होता.

मग मालकी गेली कशी? मेक्सिकन काळात कॅलिफोर्नियात रांचोची, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनदारीची, जमीन कशी मोजत ते आधी बघू. दोन घोडेस्वार, त्यांच्यामध्ये पन्नास ‘वारा’ लांबीची कच्च्या चामड्याची दोरी (वारा हे तिथलं माप, आपल्या वाराहून थोडं आखूड), आणि दोरीच्या दोन्ही टोकांना खुंटे. एकाने खुंटा रोवून थांबायचं, दुसऱ्याने घोडा पुढे काढायचा; दोरी ताणली की त्याने खुंटा रोवायचा आणि मागच्याने आपला उपटून त्याच्या पुढे जायचं. सकाळच्या दवात ती दोरी सैल पडे, उन्हं वर आली की आकसे. सनदेसोबत हाताने काढलेला एक नकाशा असे. त्यात डोंगर समोरून दिसतात तसे काढलेले, ओढ्याची वाकडीतिकडी रेघ, एखादं ठळक ओकचं झाड. आणि क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे शब्द असत, ‘थोडं कमी-जास्त’. घरच्या ट्रंकेतलं जुनं खरेदीखत ज्याने वाचलं आहे त्याला इथे आपली चतुःसीमा आठवेल: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा बांध. गुरं मोकळी चरत होती आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता, तोवर एवढ्यावर भागत होतं.

१८५१ च्या मार्चमध्ये सेनेटर विल्यम ग्विन यांनी आणलेला कायदा झाला. तीन जणांचं मंडळ बसेल. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक सनदधारकाने दोन वर्षांच्या आत त्यांच्यासमोर आपला हक्क सिद्ध करायचा. जो येणार नाही त्याची जमीन सरकारी. लबाडीचा संशय असेल तर सरकारने ती शाबीत करावी, ही रीत इथे उलटी फिरली. पिढीजात कसणाऱ्याने, स्वतःच्या जमिनीवर उभं राहून, आपण चोर नाही हे परक्या भाषेत सिद्ध करायचं. मंडळाने हक्क मान्य केला तरी सरकार अपील करी. मग जिल्हा न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, मग पुन्हा सरकारी मोजणी. एकूण ८१३ दावे आले आणि त्यातले ६०४ शेवटी मान्य झाले. म्हणजे चारातले जवळजवळ तीन दावे खरे होते. पण पक्का कागद हातात पडायला सरासरी सतरा वर्षं लागली. सतरा वर्षं खटला चालवायला रोकड लागते, आणि रांचोवाल्याची सगळी श्रीमंती गुरांत आणि जमिनीत होती. तो जमीन गहाण टाकून कर्ज काढी. त्याचं व्याज महिन्यावर आकारलं जाई. वकील फीऐवजी जमिनीचा हिस्सा लिहून घेत. सोन्याच्या मागे आलेले लोक, निकाल लागेपर्यंत ही जमीन बेवारसच असं धरून, तिच्यावर झोपड्या ठोकून बसत. दर वर्षीचा जमिनीवरचा कर वेगळाच. १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात दक्षिण कॅलिफोर्नियात कळपच्या कळप मेले, आणि ज्यांच्याकडे विकायला गुरंही उरली नाहीत त्यांनी जमिनी विकल्या. दावा जिंकलेल्यानेही जमीन गमावली. या प्रकाराला जे ‘युद्धातला पराभव’ म्हणतात त्यांना माझा साधा प्रश्न आहे: यातली कोणती गोष्ट युद्धात झाली?

मारियानो ग्वादालूपे वायेहो यांचं उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवतं, कारण हा माणूस अमेरिकेचा शत्रू नव्हताच. मेक्सिकोच्या बेबंद कारभाराला कंटाळून, कॅलिफोर्नियाने अमेरिकेत जावं असं तो उघडपणे म्हणत होता. १८४६ च्या जूनमध्ये अस्वलाचा झेंडा उभारणाऱ्या अमेरिकन बंडखोरांनी त्यालाच घरातून उचलून कैदेत टाकलं. तरी १८४९ साली मॉन्टेरेला नव्या राज्याची घटना लिहायला बसलेल्या ४८ जणांत तो होता. त्याच्या सोस्कोलच्या सनदेचा दावा १८६२ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. एके काळी त्या भागातला सर्वांत मोठा जमीनदार असलेला वायेहो १८९० साली वारला तेव्हा सोनोमातलं घर आणि भोवतालची थोडी जमीन एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं. नव्या राज्यावर विश्वास टाकणाऱ्याची ही गत, तर दूरच्या खोऱ्यातल्या, इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसाची काय झाली असेल?

कॅलिफोर्नियाचा तो कायदा झाला त्याच सुमारास, १८५२ साली, मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचा कायदा झाला. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना, वतनदारांना फर्मान गेलं: सनदा दाखवा. पेशवाईच्या धामधुमीत कागद हरवले, जळाले, वाळवीने खाल्ले. ज्यांना दाखवता आले नाहीत त्यांची इनामं खालसा झाली. दोन्ही गोष्टी तंतोतंत एक नव्हेत. आपल्याकडचा प्रश्न सारामाफीचा होता, तिकडचा सरळ मालकीचा. आणि इनामदारीखाली राबणाऱ्या कुळांच्या दृष्टीने इनाम जाणं हे काही संकट नव्हतं. पण युक्ती एकच होती. जिंकलेल्या मुलखात जमीन तलवारीने घेतली तर बंड होतं. पुराव्याचा भार धारकावर टाकला की तीच जमीन हळूहळू, कायदेशीरपणे, एकेका फाईलमधून हातात येते. दोन खंडांवरच्या दोन राज्यकर्त्यांना एकाच दशकात ही वाट सापडली. आपण तिला आपल्या इतिहासात अन्याय म्हणतो, मग तिकडे तिलाच ‘कायद्याची प्रक्रिया’ म्हणून का सोडून द्यायचं?

न्यू मेक्सिकोची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी आहे, कारण तिथे जमीन रांचोवाल्या बड्या घरांपेक्षा गावांची होती. स्पेन आणि मेक्सिकोने तिथे पूर्ण वस्तीला मिळून सनदा दिल्या: प्रत्येक घराला राहायची जागा आणि पाटाखालचं शेत, आणि डोंगर, कुरण, जंगल सगळ्यांचं सामाईक. आपल्या गायरानासारखंच. १८९१ ते १९०४ या काळात खास न्यायालय बसवून या दाव्यांचा निकाल लावला गेला. दावे साडेतीन कोटी एकरांच्या घरातले, मान्य झाले वीस लाखांच्या आसपास. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सॅन मिगेल देल बादोच्या सनदेवर निकाल दिला की सामाईक जमीन गावाची नव्हतीच, ती स्पेनच्या राजाची होती, त्याच्याकडून मेक्सिकोकडे आणि मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आली. सुमारे सव्वातीन लाख एकरांची सनद पाच हजार एकरांवर आली. घर राहिलं, घरामागचं शेत राहिलं. पण मेंढरं चरायची कुठे, सरपण आणायचं कुठून? कुरणाशिवाय त्या गावाला अर्थ नव्हता. तरणी माणसं रेल्वेच्या आणि खाणींच्या मजुरीवर गेली. त्याआधीच १८८९ मध्ये त्या जिल्ह्यात पांढऱ्या टोप्या घातलेले घोडेस्वार रात्री बाहेर पडून सामाईक कुरणांवर ठोकलेली तारेची कुंपणं तोडत होते. गुन्हेगारी म्हणून त्यांची नोंद झाली. ज्याचं गायरान कोणी तारेने वेढलं आहे अशा कुठल्याही गावाला ती माणसं कोण होती हे कळेल.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला असा: सनदांत लबाड्या होत्या. होत्याच. होसे लिमांतूर नावाच्या व्यापाऱ्याने निम्म्या सॅन फ्रान्सिस्कोवर हक्क सांगितला आणि १८५८ साली त्याचे कागद बनावट ठरले. ॲरिझोनात जेम्स रीव्हिस याने खोट्या वंशावळी रचून अख्खी जहागीर उभी केली आणि तो तुरुंगात गेला. अमेरिकन फौजा येताहेत हे दिसल्यावर मेक्सिकन गव्हर्नरने घाईघाईने वाटलेल्या जमिनीही होत्या. तेव्हा तपासणी नको होती असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तपासणी कशी करायची याचा पर्याय त्याच वेळी समोर होता. सरकारनेच पाठवलेल्या विल्यम केरी जोन्स यांनी १८५० च्या अहवालात बहुतेक हक्क पक्के असल्याचं कळवलं होतं. सेनेटर बेंटन यांनी ग्विन यांच्या कायद्याला सेनेटमध्ये कडवा विरोध केला होता. सनदा खऱ्या धरून फक्त संशयास्पद प्रकरणं कोर्टात नेता आली असती. म्हणजे वेगळं करता येईल हे ठाऊक असताना ही वाट निवडली गेली. आणि वाट तहाशी विसंगत असेल तर? १८८९ साली तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या मालकाने मंडळापुढे दावाच केला नाही त्याची निर्विवाद मेक्सिकन सनदही बुडाली, आणि कायद्याने तह मोडला का हे बघणं आमचं काम नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तह कोणाकडे मागायचा मग?

दुसरा मुद्दा सर्वांत जड आहे, आणि पहिल्या बाजूचे लोक तो टाळतात याचं मला वाईट वाटतं. मेक्सिकोची तरी ती जमीन होती का? मेक्सिको स्वतंत्र झाला १८२१ साली. सत्तावीस वर्षांचा अंमल, तोही बऱ्याच ठिकाणी नकाशापुरता. टेक्सासच्या पश्चिमेच्या मैदानांवर खरं राज्य कोमान्चे या मूळ रहिवाशांच्या घोडेस्वारांचं होतं. त्याआधी स्पेनने तरी जमीन कशी मिळवली? १६८० साली पोपे याच्या नेतृत्वाखाली तिथल्या मूळच्या पुएब्लो लोकांनी बंड करून स्पॅनिश सत्तेला न्यू मेक्सिकोतून बारा वर्षं हुसकावून लावलं, ते उगाच नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांत, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसाराच्या ठाण्यांत, ओलोनी, तोंग्वा आणि इतर मूळ रहिवाशांना धर्माच्या नावाखाली राबवलं गेलं, रोगराईने ते पटापट मेले. १८३३ नंतर मेक्सिकोने मिशनं मोडीत काढली तेव्हा त्या मालमत्तेचा मोठा हिस्सा या मूळ रहिवाशांना मिळायचा होता. मिळाला मोजक्या कुटुंबांना. सोनोमाच्या मिशनची व्यवस्था त्या वेळी कोणाकडे होती? वर ज्याची कहाणी सांगितली त्याच वायेहोकडे. त्याच्या रांचोवर राबणारे हात मूळ रहिवाशांचेच होते. त्याच्या दुःखाबद्दल बोलताना हे लपवायचं नाही. आज फ्रीमॉन्टमध्ये मिशन सॅन होजेच्या परिसरात शाळा चांगल्या म्हणून कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्या पांढऱ्या चर्चच्या आसपास हजारो ओलोनी माणसं पुरलेली आहेत.

पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? ‘मेक्सिकननेही लुबाडलं होतं, म्हणून अमेरिकनने लुबाडलं ते माफ’ हा निष्कर्ष कुठल्याही तर्कात बसत नाही. एका घेणेकऱ्याच्या आधीचा आणखी एक घेणेकरी सापडला, तर देणं वाढतं. आणि अमेरिकेने त्या आधीच्या घेणेकऱ्याशी कसा व्यवहार केला? १८५० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणाचा’ कायदा केला. त्याखाली त्यांना पकडून मजुरीला जुंपता येई आणि त्यांची मुलं पदरी ठेवून घेता येत. १८५१-५२ मध्ये त्यांच्याशी अठरा तह केले गेले. सेनेटने बंद दाराआड ते नाकारले आणि १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. १८४६ साली कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते, १८७० च्या सुमारास तीस हजार उरले. पुएब्लो लोक तर मेक्सिकन कायद्याप्रमाणे नागरिक होते, म्हणजे १८४८ च्या तहाने तेही अमेरिकेचे नागरिक व्हायला हवे होते. न्यू मेक्सिकोत मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क मिळाला १९४८ साली, इस्लेता पुएब्लोच्या मिगेल त्रुहियो या शिक्षकाने कोर्टात जाऊन मिळवला तेव्हा. तहाला बरोबर शंभर वर्षं झाली होती. पुएब्लोंच्या प्रमुखांकडे आजही अधिकाराच्या काठ्या असतात: एक स्पेनच्या राजाची, एक मेक्सिकोची, आणि एक चांदीच्या मुठीची, तिच्यावर १८६३ साल आणि लिंकनचं नाव कोरलेलं. तीन राज्यांनी मान्यता दिली आणि तिन्ही वेळा त्यांना जमिनीसाठी भांडावं लागलं. हे लोक नजरेसमोर ठेवले की १८४८ आधीचा मेक्सिकोचा नकाशा नाचवून ‘हे आमचं घर’ म्हणण्यातला फोलपणा कळतो. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आज कामाला येणाऱ्या मजुराला सन्मानाने वागवावं असं मलाही वाटतं. पण त्याची बाजू त्याच्या श्रमावर आणि माणूसपणावर उभी राहते. न्यू मेक्सिकोतल्या मेंढपाळाच्या बुडालेल्या सनदेवर ती उभी करायची म्हणजे दोघांवर अन्याय.

विकासाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो. अमेरिकन अंमलात कॅलिफोर्निया कुठल्या कुठे गेलं हे नाकारायचं कारण नाही. पण सनदा मानल्या असत्या तर रेल्वे आली नसती का, संत्र्यांच्या बागा लागल्या नसत्या का? जमीन विकत घेता आली असती, भाड्याने घेता आली असती. प्रगतीसाठी खोटं बोलावं लागलं हे आधी कोणी सिद्ध करून दाखवावं.

राहिला शेवटचा आक्षेप, जो मला सगळ्यात जास्त ऐकू येतो: दीडशे वर्षं झाली, आता काय करणार? शहरं उठवणार का? कोणी शहरं उठवायला सांगत नाही. पण ‘काहीच करता येत नाही’ हे वस्तुस्थितीला धरून नाही. ताओस पुएब्लोचं पवित्र सरोवर, ब्लू लेक, १९०६ साली सरकारने राष्ट्रीय वनात घातलं. सरकार पैसे देऊ करत होतं, त्यांनी ते नाकारले, सरोवरच मागितलं आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने सुमारे ४८ हजार एकरांसह ते परत मिळवलं. त्यासाठी एकही शहर उठलं नाही.

आणि सॅन लुइस. कोलोरॅडोतलं हे सर्वांत जुनं गाव, १८५१ साली वसलेलं, मेक्सिकन काळातल्या सनदेच्या जमिनीवर. १८६३ साली त्या सनदेच्या मालकाने, कार्लोस बोबियाँ याने, गावकऱ्यांसाठी स्पॅनिशमध्ये एक कागद लिहून दिला: कुरण, पाणी, सरपण आणि लाकूड सगळ्यांना मिळेल, कोणी कोणाला त्रास द्यायचा नाही. जवळजवळ शंभर वर्षं गाव त्या कागदाप्रमाणे डोंगरावर जात राहिलं. १९६० साली बाहेरच्या एका लाकूड व्यावसायिकाने तो डोंगर, सुमारे ७७ हजार एकर, विकत घेऊन कुंपण घातलं. १९८१ मध्ये गावकऱ्यांच्या वंशजांनी दावा लावला. सगळ्या खालच्या पायऱ्या हरत, पुन्हा उठत, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००२ साली न्यायालयाने बोबियाँचा तो जुना कागद वाचला. गुरं चारण्याचा, सरपण आणण्याचा आणि लाकूड तोडण्याचा हक्क वंशजांना परत मिळाला. शिकारीचा आणि मासेमारीचा मिळाला नाही. मग कोण कोणाचा वारस हे ठरवायचं किचकट काम सुरू झालं, नावानिशी, घरटी, जुन्या नोंदी काढून. पहिलं कुंपण पडलं तेव्हा ज्यांनी तक्रार केली होती त्यातले बरेच जण तोवर गेले होते. त्यांची नातवंडं सरपणासाठी ट्रक घेऊन पुन्हा डोंगरावर जाऊ लागली.